प्रत्येक डबीतला एक

६ नोव्हेंबर, गुरुवार

झालं, हो म्हणून बसले. शेजारच्या लतिकाकाकूंच्या अक्षदाचं लग्न तीस तारखेला दादरच्या हॉलवर, आणि फोटो मी काढायचे. मी एकटीने! आजवर उन्मेषच्या हाताखाली दुसरा कॅमेरा धरला, पंगती काढल्या, मामालोकांचे फेटे काढले. मंगलाष्टकं, अंतरपाट, हार हे सगळं त्याचं असायचं. काकू म्हणाल्या, "घरातली पोरगी असताना बाहेरचा कशाला बोलवू?" तेव्हा छाती फुगली. त्या गेल्या आणि मी कॅलेंडर काढून दिवस मोजले. फोटो बिघडले तर त्या मला एका शब्दाने बोलणार नाहीत, तेच जास्त वाईट. भिंतीला भिंत लागून आहे. रोज दूध घेताना त्यांनी माझं तोंड बघायचं आणि मी त्यांचं.

नीलला फोन लावला. तो कंपनीच्या कामावर गुजरातेत हजिऱ्याला, डिसेंबर उजाडेपर्यंत येत नाही. म्हणाला, "मस्त! फक्त अप्पांकडे बघ हां, गेल्या वेळी जरा उतरलेले वाटले." म्हटलं, तुझे अप्पा ठणठणीत आहेत, लालबागच्या मार्केटपर्यंत दोन फेऱ्या मारतात, तू माझं टेन्शन बघ. सासरे त्याचे नाहीत, माझे आहेत. मला कळत नाही का?

फ्लॅशसाठी चार्जिंगचे सेल घेतले. उन्मेष नाक मुरडतो. "दुर्गे, लग्नात नवीन साधे सेल टाकायचे आणि संपले की फेकायचे. चार्जिंगच्या भानगडीत पडू नको." प्रत्येक लग्नानंतर पिशवीभर मेलेले सेल कचऱ्यात टाकताना मला कसंसंच होतं. शिवाय चार्जिंगचे नीट सांभाळले तर फ्लॅश त्यावर झटकन भरतो. नीट सांभाळले तर. ते मी सांभाळीन.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज सेलांचं बारसं. एका फ्लॅशला चार पेन्सिल सेल लागतात, म्हणून चार-चारच्या चार डब्या केल्या. नेलपॉलिशने प्रत्येक सेलावर ठिपका: लाल, हिरवा, जांभळा, सोनेरी. लाल चौघे एकत्र चार्ज होणार, एकत्र वापरले जाणार, एकत्र म्हातारे होणार. कोणी कोणाच्या डबीत जायचं नाही. याच कंपनीचे जुने, दम नसलेले चार्जिंगचे सेल आहेत त्यांच्यावर टाचणीने फुली ओरखडली आणि टीव्हीखालच्या बिस्किटाच्या डब्यात टाकले. ते आता रिमोट आणि भिंतीवरच्या घड्याळासाठी. मी त्याला पेन्शनरांचा डबा म्हणते. अप्पा हसले. "मी पण त्याच डब्यातलो गो."

अप्पांनी आज आईंचं कपाट आवरायला काढलंय. आईंना जाऊन तीन वर्षं झाली, त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्यात आईंचं ते ब्लडप्रेशरचं मशीन मिळालं. पेन्शनरांच्या डब्यातले चार सेल त्यात घातले, चालतंय म्हणाले. चालत असेल तर कोणाला तरी देऊन टाकू, म्हटलं. त्यांनी ते टॉवेलात गुंडाळून परत ठेवलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज परळला एका बारशाचं छोटं काम होतं. फ्लॅशने कमाल केली. उडतोय, भरतोय, उडतोय, भरतोय, मागचा लाल दिवा डोळा मिचकावल्यासारखा लगेच लागत होता. तो दिवा लागला की फ्लॅश तयार. तो लागला नाही तर बटण दाबून उपयोग नाही, फोटोत अंधार. मी उन्मेषला मुद्दाम मेसेज टाकला. त्याने अंगठा पाठवला. एवढंच. जळतोय मेला.

घरी आल्यावर अप्पांनी चहा दिला आणि विचारलं, "काय गो, सेल उतरलो की मशीन खोटां दाखवता काय?" म्हटलं, अहो, कुठलंही मशीन. सेल उतरला की घड्याळ मागे पडतं, वजनकाटा वेडंवाकडं दाखवतो, फ्लॅश तर पार झोपतो. दोष मशीनचा नसतो, सेलाचा असतो. माझं भाषण चांगलं पाच मिनिटं चाललं. अप्पांनी एवढं मन लावून माझं कधी ऐकलेलं नाही. "म्हणजे सेलाचोच दोष," असं दोनदा म्हणाले. चेहरा एकदम खुलला त्यांचा. बरं वाटलं, घरात कोणाला तरी माझ्या कामात रस आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नेलपॉलिशच्या बाटल्यांची झाकणं उघडी! चारही! लाल तर अर्धी सुकली. मी एवढी वेंधळी कधी झाले? टेन्शनने डोकं ठिकाणावर नाही, दुसरं काय.

धुण्यात अप्पांच्या रुमालाला जांभळा डाग निघाला. विचारलं तर म्हणाले, "जांभळां खाल्लंय." नोव्हेंबरात जांभळं कुठून आली कोण जाणे. कोल्ड स्टोरेजची असतील. हल्ली काय, सगळंच बारा महिने मिळतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज अंतरपाटाची रंगीत तालीम केली. सगळं लग्न एकीकडे आणि तो क्षण एकीकडे. "सावधान" होतं, पाट बाजूला होतो आणि नवरा-नवरी पहिल्यांदा एकमेकांना बघतात. पुन्हा करा म्हणता येत नाही. उन्मेष म्हणतो, त्या तीन-चार सेकंदांत फ्लॅश तीनदा तरी उडाला पाहिजे.

आईंची जुनी शाल काढली, अप्पांच्या हातात दिली आणि म्हटलं, दोन्ही टोकं धरून उभे राहा. आधी कुरकुर केली, मग स्वतःच मंगलाष्टकं म्हणायला लागले. भसाड्या आवाजात. हसून हसून कॅमेरा हलला. पण शाल काही सरळ राहीना. "अप्पा, डावीकडे वर! डावीकडे!" ते वर करायचे, परत खाली. मी चिडले. म्हटलं, लक्ष कुठे आहे तुमचं? तर म्हणाले, "हात भरान इलो." मग खुर्चीवर बसले, मी त्यांना पाणी दिलं आणि फ्लॅश बघायला लागले, कारण फ्लॅशचं भलतंच चाललं होतं.

पहिले आठ-दहा फोटो झकास. मग दिवा लागेचना. फ्लॅश नुसता चीं चीं करत बसला, एखादं मूल जिन्यात अडकल्यासारखा. डबी बदलली. लाल काढली, हिरवी घातली. तेच. जांभळी. तेच. सोनेरी. तेच! एक डबी खराब निघाली तर समजू शकते. चारही? परवा-परवा तर पळत होत्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल फोर्टला गेले होते, सेल जिथून घेतले त्या दुकानात. दुकानदाराने चार्जर तपासला, म्हणाला, "मॅडम, चार्जर फर्स्ट क्लास आहे, घरच्या लाइनमध्ये लोचा असेल." वायरमनला बोलावलं. तो म्हणाला लाइन ओके. तरी दुसरा चार्जर घेतलाच. आता घरात दोन चार्जर आणि शून्य अक्कल.

एक गंमत दिसते आहे. प्रत्येक डबीतला एकेक सेल फार लवकर चार्ज होतो. बाकीचे तिघे अजून लाल दिव्यावर, आणि हा गडी हिरवा होऊन मोकळा. बरं आहे, एखादा तरी हुशार निघाला.

अप्पा हल्ली दुपारी आतल्या खोलीचं दार ओढून घेतात. जप करतो म्हणतात. आतून मधूनच घर्रर्र आवाज येतो, शेजारच्यांचा मिक्सर असावा. आज जेवणात सुकट केली होती, त्यांनी ताट सरकवलं. "खारां नको." ज्या माणसाने आयुष्यभर सुकटीशिवाय भाकरीला हात लावला नाही तो! माझ्या हाताला चव राहिली नाही, असंच म्हणायचं असेल. सुनेवर रुसायला हाच महिना सापडला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

भांडले. उन्मेषशी. दिवाळीनंतर त्याने माझी फ्लॅशची बॅग एका दिवसासाठी नेली होती. डोक्यात आलं की त्यानेच सेल बदलले असणार, त्याचे मेलेले माझ्यात आणि माझे त्याच्यात. डोक्यात आलं ते तोंडात आलं. तो म्हणाला, "दुर्गे, बॅग मी नेली तेव्हा तू हे सेल घेतलेसुद्धा नव्हतेस." खरंच की. मी तरी म्हटलं, "मग तू मला पनवती लावलीस." फोन ठेवून दिला त्याने.

काय बोलून बसले. ज्या माणसाने मला कॅमेरा धरायला शिकवलं त्याला चोर म्हटलं. आता सॉरी म्हणायला फोन लावावा तर हात धजत नाही. लग्न होऊ दे, मग बघू.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी अप्पांच्या हातातून कप सुटला. सगळा चहा चार्जरच्या शेजारी! एक वीत इकडे पडला असता तर संपलं होतं. मी नको इतकी ओरडले. "अप्पा, जरा बघून! माझं सगळं त्या टेबलावर आहे!" ते आपल्या डाव्या हाताकडे बघत बसले. मग स्वतः खाली वाकून काचा वेचायला लागले, मीच त्यांना उठवलं. सॉरी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसले होते, या उकाड्यात. नव्वद वर्षांचे असल्यासारखे दिसले मला. आहेत अडुसष्टचे.

नीलचा फोन आला. "अप्पा कसे आहेत?" म्हटलं, चहा सांडतात, बाकी ठीक. तो हसला. मी पण हसले.

सेल तसेच. ताजे चार्ज करून घातले की थोडा वेळ पळतात आणि मग मान टाकतात. रात्रंदिवस तेच डोक्यात. काल स्वप्नात भटजी "सावधान" म्हणाले आणि सगळ्या हॉलने वळून माझ्याकडे बघितलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हळद झाली. चाळीच्या गॅलरीत ऊन होतं, फ्लॅश फारसा लागलाच नाही, जितका लागला तितका बरोबर उडाला. देवा, उद्याही असंच होऊ दे. अक्षदा काय गोड दिसत होती! पिवळीधम्मक. कानात म्हणाली, "वहिनी, मला अंतरपाटाचा फोटो मोठ्ठा करून हवाय हां. आईने भिंतीवर जागापण ठेवलीये." ती भिंत म्हणजे आमचीच भिंत, पलीकडून.

उन्मेषचा मेसेज आला होता. भांडणावर एक अक्षर नाही. "उद्यासाठी साध्या सेलांची दोन पाकिटं बॅगेत ठेव. ऐक माझं." मी "हो" लिहिलं. आणि घेतली नाहीत. खाली उतरले तेव्हा दुकान उघडं होतं, समोरून चालत आले. घेतली असती तर तो बरोबर ठरला असता ना. हट्ट, दुसरं काय. असो, चारही डब्या फुल्ल चार्ज केल्यात.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी

निघते. मुहूर्त सकाळचा आहे. अप्पा येणार होते, मोतिया रंगाचा सदरा काढून ठेवला होता. आता नको म्हणतात, डोकं जड झालंय. म्हटलं, पडून राहा, काकूंना सांगते. त्यांनी दाराशी येऊन डोक्यावर हात ठेवला. "तुझो दिवो लागतलो गो. भिया नको." माझा दिवा लागेल म्हणे. रडूच आलं. चला.

२ डिसेंबर, मंगळवार

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. नील आत अप्पांजवळ आहे. आता डोकं जरा चालतंय, म्हणून क्रमाने लिहिते, नाहीतर माझा माझ्यावरच विश्वास बसायचा नाही.

मुहूर्तापर्यंत सगळं ठीक होतं. गौरीहर झाला, मामा अक्षदाला घेऊन आले, पाट धरला. मी ताजी, लाल ठिपक्यांची डबी घातली होती. पण मंगलाष्टकं लांबली, दोन्हीकडच्या आत्या माइक सोडेनात, आणि मी त्यांचे फोटो काढत राहिले. शेवटचं "सावधान" झालं तेव्हा दिवा विझलेला होता. चीं चीं चालू. पाट बाजूला झाला. अक्षदाने वर बघितलं. मी बटण दाबलं, दाबलं, परत दाबलं. एकदाही उडाला नाही. ताशा वाजला, अक्षता उडाल्या, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि मी कॅमेरा डोळ्याला लावून तशीच उभी. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कोणाला दिसू नये म्हणून कॅमेरा खाली घेईना.

हार घालायच्या आधी खांबामागे गेले आणि फ्लॅशमधले सेल हातात ओतले. तिघे कोमट. एक इतका तापलेला की हातातून टाकला. उचलून बघितलं तर लाल ठिपक्याचा रंग उष्णतेने सुटत होता, आणि त्याच्या खाली फुली. माझी फुली, टाचणीची. पेन्शनर! दुसरी डबी उघडली, नखाने ठिपके खरवडले. हिरव्यातही एक. जांभळ्यात एक. सोनेरीत एक. चार म्हातारे, माझ्याच नेलपॉलिशने रंगवलेले. लवकर चार्ज होणारे हुशार गडी ते हेच. फ्लॅशमध्ये चौघं मिळून पालखी उचलतात, एक खांदा बसला की बाकीच्या तिघांच्या ताकदीचा काही उपयोग नाही. चारही पालख्या बसवल्या होत्या कोणीतरी.

चौघांना बाजूला काढलं. उरले बारा चांगले. त्यांच्या तीन डब्या केल्या, रंग गेला खड्ड्यात. फ्लॅश पळायला लागला. हार, कन्यादान, सप्तपदी, पंगत, सगळं मिळालं. फक्त अंतरपाट गेला.

काम संपेपर्यंत माझ्या डोक्यात एकच. घरातलंच कोणीतरी. घरात दुसरं आहे कोण? अप्पा. म्हातारपणाचे चाळे, रिमोटला चांगले सेल हवेत म्हणून सुनेचं वाटोळं केलं. टॅक्सीत बसून काय काय बोलायचं ते ठरवलं. आईंचंसुद्धा काढणार होते. जिना चढताना ते चार सेल मुठीत घट्ट धरले होते, त्यांच्यासमोर टेबलावर आपटायचे म्हणून.

आतल्या खोलीचं दार ढकललं. अप्पा पलंगाच्या कडेला बसले होते. डाव्या दंडाला आईंच्या मशीनचा पट्टा. मशीन मांडीवर उलटं, मागचं झाकण निघालेलं. आत चार सेल. लाल, हिरवा, जांभळा, सोनेरी.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाची एक बाजू खाली ओढली गेली होती, शब्द जाड येत होते. "नवे सेल घातले तरी आकडो उतरणा नाय गो."

माझ्या मुठीतले सेल खाली पडले, ते कुठे गेले कोण जाणे. मशीन सुलट केलं, परत चालवलं. वरचा आकडा दोनशेच्या पुढे. परत चालवलं. तोच. मी वेड्यासारखी म्हणत होते, अप्पा, हात वर करा, दोन्ही हात. उजवा आला. डावा आला नाही. शालीसारखाच.

शेजारी कोणी नाही, आमचा अख्खा मजला हॉलवर. नीलच्या आधी मी उन्मेषला फोन लावला. का ते विचारू नका, बोटाने लावला. "अप्पा" एवढंच बोलता आलं. तो परळ नाक्यावरच होता, धावत आला. तळमजल्याच्या कुशाबांना आणि वाण्याच्या दुकानातल्या दोघांना घेऊन आला. अप्पांना खुर्चीत बसवून चौघांनी तीन मजले उतरवलं. वळणावर अप्पा म्हणत होते, "सावकाश रे, सावकाश," जसे आम्ही त्यांना लग्नाला नेतोय. उन्मेषच्या शर्टाला माझे हळदीकुंकवाचे हात लागले. पनवती म्हटलं होतं मी त्याला.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, ओरडल्या नाहीत. मेंदूत छोटी गुठळी, वेळेत आणलंत, म्हणाल्या. मग विचारलं, "हात कधीपासून असा आहे?" मी म्हणणार होते, आजच. मग कॅमेरा उघडला. पंधरा तारखेचे फोटो त्यातच होते. अप्पा मंगलाष्टकं म्हणतायत, शालीचं डावं टोक खाली, पुढच्या फोटोत आणखी खाली. एकेक फोटो स्वच्छ, लख्ख, फ्लॅशने उजळलेला. बाईंनी बघितलं आणि हळूच कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

आज सकाळी अप्पा जरा नीट बोलले. मी विचारलं, का नाही सांगितलंत? "तुझा लग्नाचा काम. आणि माका वाटला, सेलाचोच दोष. तूच सांगितलंस मां." पहिल्यांदा आकडा आला तेव्हा सेल पेन्शनर होते. माझं भाषण ऐकलं आणि जीव भांड्यात पडला त्यांचा. मग माझे ताजे सेल घातले. आकडा तोच. मग वाटलं, हेही दुपारपर्यंत उतरले असतील.

"पण प्रत्येक डबीतला एक का काढलात, अप्पा?"

"एकाच डबीतले चार घेतले असते तर तुझी एक डबी फुकट गेली असती. म्हणान एकेक घेतलंय. तीन-तीन तरी रवले मां?"

आईंच्या माघारी हा माणूस घरात असंच वाटणी करतो. बोंबलाचे तुकडे, कलिंगडाच्या फोडी, पंख्याचा वारा. कोणाच्याही ताटात रिकामी जागा राहू नये. मी पालखीचं सांगितलं, चार खांद्यांचं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "आधी सांगाक व्हया होतां." खरंच आहे. सेलांचं सगळं सांगितलं, एवढंच नाही सांगितलं. आणि त्यांनी विचारलं ते कशाबद्दल विचारताहेत, हे मी एकदाही विचारलं नाही.

नर्स प्रेशर बघायला आली तेव्हा अप्पांनी तिला विचारलं, "ह्याचे सेल नवे आसत ना?" ती म्हणाली, "बाबा, हे लाइटवर चालतं." अप्पा तोंड फिरवून झोपले.

१३ डिसेंबर, शनिवार

अप्पांना घरी आणून चार दिवस झाले. आज लतिकाकाकू फोटो बघायला आल्या. मी आधीच सांगून टाकलं, अंतरपाटाला फ्लॅश उडाला नाही. तो फोटो दाखवला. काळोखा, रवाळ, अक्षदाचं अर्धं तोंड व्हिडिओवाल्याच्या दिव्यात आणि अर्धं नाहीच. काकू बघत राहिल्या. "हाच लावणार होते गो मी," म्हणाल्या. बाकीचे फोटो छान आलेत म्हणाल्या, अप्पांजवळ बसल्या, पेज घालून गेल्या. पण दारातून जाताना नेहमीसारखं "येते गं" नाही म्हणाल्या. लागेल वेळ. मला पण लागेल. भिंतीच्या पलीकडे ती जागा रिकामी आहे, हे इथून दिसत नसलं तरी मला दिसतं.

संध्याकाळी उन्मेष चार नवीन चार्जिंगचे सेल घेऊन आला. "मोडलेली डबी पूर्ण कर." मी त्याला सॉरी म्हटलं, सगळं, पनवतीसकट. तो म्हणाला, "चहा टाक, डोकं खाऊ नको." सेल ठेवून घेतले, पण फ्लॅशला नाही लावणार. पुढच्या कामाला त्याची दोन साध्या सेलांची पाकिटं बॅगेत असतील. माझ्या तीन डब्या आहेत, तीन पुरतात. लाल, हिरवा, जांभळा आणि सोनेरी मशीनमध्येच राहतील, आणि उन्मेषचे चार त्यांचे बदली म्हणून. नीलने मशीन टीव्हीशेजारी उघड्यावर ठेवलंय. टॉवेलाबिवेलात नाही.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी पट्टा मी बांधला. घर्रर्र झालं. शेजारचा मिक्सर! आकडा आला, अजून जास्तच आहे, पण दोनशेच्या बराच खाली. अप्पांनी तो मोठ्याने वाचला. मग मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सेल?"

"कालच चार्ज केलेत, अप्पा. आकडा खरा आहे."

मी गोळी काढली. त्यांनी हात पुढे केला. डावा. अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला. मी गोळी त्या हातावर ठेवायला खाली वाकले नाही. वाट बघितली. हळूहळू वर आला.